सासऱ्यांच्या जाळ्याला नारिंगी गोळ्या

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
१८ नोव्हेंबर

चि. कैलास यास,

हिंगणीहून हेमराज भाऊजींचे, म्हणजे माझे, पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (हे वाक्य पत्र सुरू करायला म्हणून घातलं आहे, पुढे त्यात थोडी दुरुस्ती येईल). तुझी प्रकृती कशी आहे? मेसवाला अजून भाजीत गूळ घालतो का? खोलीवरचा तो घोरणारा मुलगा गेला की अजून तुझ्याच उशाशी आहे? तुझी ताई विचारते की मागच्या वेळचं तिखट संपलं असेल तर कळव. मी विचारतो की रात्रपाळीनंतर झोपतोस ना नीट. तू कळवणार काहीच नाहीस हे आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे, पण विचारायचं आमच्याकडे असतं म्हणून विचारलं.

पत्र बघून दचकू नकोस. आजकाल पत्र आलं की माणूस आधी वकिलाची नोटीस समजतो. पण तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा, सुटीच्या दिवशी तू झोपलेला, आणि लागलाच तर तू "हो भाऊजी, हो भाऊजी" करत ठेवून देतोस. मला जे सांगायचं आहे ते "हो भाऊजी" मध्ये मावत नाही. शिवाय मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती फोनवर मागितली की तुझी रक्षाताई मागून ऐकते.

तर माफी अशी. जुलैमध्ये मी तुझ्याकडून दोन किलो पावडर मागवली, पावडर कोटिंगची, तुमच्या कंपनीत लोखंडाला रंग म्हणून चढवतात ती, कुठलाही उरलेला रंग चालेल म्हणालो. दुकानात पंखे दुरुस्तीला येतात, त्यांच्या पात्यांवर प्रयोग करायचा आहे असं सांगितलं. ते साफ खोटं होतं. एकाही पात्याला मी हात लावलेला नाही. ती पावडर बाबांच्या जाळ्याच्या गोळ्यांसाठी होती. बाबांच्या म्हणजे तुझ्या बाबांच्या, आमच्या सासऱ्यांच्या, तानबा पहेलवानांच्या (पहेलवान हे मी म्हणतो, कारण फेकजाळं खांद्यावर घेऊन धरणाकडे निघालेला माणूस मागून बघितला तर दुसरा शब्द सुचत नाही).

आता ती वर कबूल केलेली दुरुस्ती. घाबरू नको, आधी वाच. जूनमध्ये बाबांचं पोट दुखायला लागलं, आणि जाळं ओढताना उजवा हात मधेच सैल पडायला लागला. ते कोणाला बोलले नाहीत. पण एक दिवस भरलेलं जाळं हातातून सुटलं आणि त्यांनी ते पाण्यात उभं राहून नुसतं बघितलं, हे मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी येऊन सांगितलं. तेव्हा मी आणि रक्षाने त्यांना वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या हुशार. त्यांनी हात बघितला, पोट दाबलं, आणि मग म्हणाल्या, आजोबा, दात दाखवा. बाबांचे पुढचे दोन दात तुला माहीतच आहेत, त्यांच्यामध्ये एवढी खाच की काडी बसावी. बाईंनी विचारलं हे कशाने. बाबा अभिमानाने म्हणाले, शिसं चावून. पन्नास वर्षं जाळ्याच्या घेराला शिशाची पट्टी गुंडाळायची आणि दाताने दाबून पक्की करायची, पकड कशाला लागते माणसाला! रक्त तपासलं, तर रक्तात शिसंच निघालं. बाईंनी शांतपणे सांगितलं की आजपासून तोंडात शिसं नाही आणि हातालाही उघडं शिसं नाही. बाबांनी विचारलं, मग जाळं? त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा, पण ऐकलं नाही तर हा हात जाईल.

येताना एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. सेलूला म्हणाले, "जवाई, जाळं नसन तं मी काय करू सकाळी उठून?" मी मोटारी वाइंड करणारा माणूस, वडनेरच्या शेतीवाल्या घरातला, मला पोहतासुद्धा येत नाही. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात तू आलास. दोन वर्षांपूर्वी तू शेवटचा घरी आलास तेव्हा जेवताना तासभर पावडर कोटिंगबद्दल बोलला होतास, भुकटी लोखंडावर कशी उडी मारते आणि भट्टीत कशी वितळून काचेसारखी होते ते. ऐकणारा मी एकटाच होतो. बाबा मधेच ताटावरून उठले आणि "पान्यातल्या मान्साचा पोट्टा भुकटी उडवून राह्यला" म्हणून बाहेर गेले, आणि तू दुसऱ्याच दिवशीची गाडी पकडलीस. ते मला आठवलं, आणि वाटलं की शिशालाच असा अंगरखा चढवला तर हाताला शिसं लागेलच कशाला?

(तुला हे कळू द्यायचं नाही, अशी बाबांनी मला रक्षाची शपथ घातली होती. आणि पावडर कुठून आली हे मी बाबांना सांगितलं नाही, नुसतं पुण्याकडची आहे म्हणालो. म्हणजे चार महिने मी दोन्ही बाजूंनी खोटा. पंख्याच्या धंद्यात एवढं खोटं बोलावं लागत नाही.)

तुझं पार्सल आलं तेव्हा मी कात्री घेऊन बसलो होतो. बाबांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली, खोकं मांडीवर घेतलं आणि दोरीची गाठ नखाने उकलत बसले, चांगली पाच मिनिटं. मला वाटलं, काटकसर. आत नारिंगी पावडर, आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी तू पिशवीच्या खाली का ठेवतोस रे? ती मला पहिला घाणा काढल्यानंतर सापडली. त्यात तू चार गोष्टी लिहिल्या होत्यास: धातू स्वच्छ पाहिजे, कोरडा पाहिजे, नग एकमेकांना लागता कामा नये, आणि ज्या ओव्हनमध्ये हे भाजाल त्यात पुन्हा खाण्याचं काही भाजायचं नाही. या चारही गोष्टी मी एकेक करून चुकलो, आणि चौथी सगळ्यात महाग पडली. तो ओव्हन रक्षाचा. बचत गटाकडून घेतलेला, त्यात ती नानकटाई करते आणि ती नानकटाई सफारीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर वाघ न दिसलेले पर्यटक खातात. मी "एका दिवसासाठी" म्हणून नेला होता. तो दिवस अजून मावळलेला नाही.

गोळ्या ओतण्याचं काम त्या मानाने सोपं निघालं. बाबांकडे त्यांच्या वडिलांचा दगडी साचा आहे, उघडणाऱ्या दोन पाख्यांचा, हे तुला ठाऊकच आहे. मधे सायकलचा स्पोक घालायचा म्हणजे आरपार भोक पडतं आणि गोळी दोरीत ओवता येते, चावायचं काम उरत नाही. शिसं मी कुंदनच्या टायरच्या दुकानातून आणलं, चाकाच्या बॅलन्सला लावतात ते तुकडे. उघड्या आवारात चूल मांडली, तोंडाला फडकं, हातात चामड्याचे मोजे, आणि रक्षाने मला वारा पाठीकडून येईल असं उभं केलं. बाबांना वीस पावलांवर खाटेवर बसवलं होतं. तिथून ते हुकूम सोडत: "थांबा, मळ काढा! आता वता! एका दमात वता नं, काऊन थांबून राह्यले!" आणि कैलास, पहिल्यांदा ते शिसं वितळलं तेव्हा मी खरोखर थांबलोच. काळं, मातकट, टायरवाल्याच्या बोटांनी मळलेलं ढेकूळ, आणि मळ बाजूला केला की खाली आरसा. त्यात आकाश दिसत होतं. मी इतकी वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळतो, पण धातू असा आपल्याकडे बघताना मी बघितला नव्हता. साचा उघडला की सहा गोळ्या, एका टोकाला निमुळत्या, रुपेरी. अशा तीनशे साठ ओतल्या.

मग आला श्रावण. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दोन चमचे पावडर, त्यात प्लास्टिकचे मणी (रक्षाची तुटलेली माळ, विचारून घेतली, शपथ), वर वीस गोळ्या, झाकण लावून हलवायचं, घासण्याने वीज तयार होते आणि पावडर धातूला धरते, हे तूच सांगितलं होतंस. मी हलवला. मग बाबांनी हलवला, भजनातल्या खंजिरीसारखा, एका लयीत. शेजारपाजारचे लोक बघून गेले. झाकण काढलं तर पावडर खाली आणि गोळ्या वर, दोघांची ओळखच नसल्यासारखी. बाहेर अशी झड लागलेली की भिंतींना हात लावला तर ओला होई, तिथे वीज बिचारी कुठे टिकणार? मी इलेक्ट्रिकचा माणूस असून हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. त्यात जी थोडीफार धरली ती मी ओव्हनमध्ये घातली आणि ओव्हनचं बटण पार टोकाला नेलं, अडीचशेवर, लवकर होईल म्हणून. वीस मिनिटांनी उघडलं तर वरच्या कांबीजवळच्या गोळ्या गुडघे टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या शेजारणीला चिकटल्या होत्या (तेवढ्या पुन्हा ओताव्या लागल्या). दोनशेच्या वर जायचं नाही, ही पाचवी गोष्ट तू चिठ्ठीत लिहायला हवी होतीस.

ऑक्टोबर लागला, ऊन तापलं, हवा खडखडीत झाली. रक्षा नायलॉनची साडी झटकायला लागली की चटचट आवाज येई, तेव्हा मी ओळखलं की आपले दिवस आले. पुन्हा डबा हलवला. आणि मग जे झालं ते तू रोज बघत असशील, तुला त्याचं काही वाटत नसेल, पण मला सांगू दे. झाकण काढलं तर गोळ्या नाहीत! नुसता नारिंगी ढीग. चिमट्याने (रक्षाचा, भुवयांचा, तो न विचारता घेतला) एकेक उचलली तर प्रत्येक गोळी अंगभर पांघरून बसलेली, कोपरा उघडा नाही. गोंद नाही, पाणी नाही, ब्रश नाही, नुसत्या हलवण्याने. मी दुकानात रोज वीज मीटरने मोजतो, पण वीज अशी हातात भुकटी धरून उभी राहते हे मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी बराच वेळ तो चिमटा उन्हात धरून उभा होतो. रक्षाने विचारलं, "काय झालं, बोट भाजलं का?"

भाजून काढल्यावर मात्र प्रत्येक गोळीवर एक टक्कल. मुगाच्या दाण्याएवढा करडा ठिपका, तिथे रंग फाटलेला आणि शिसं उघडं. सगळ्या तीनशे साठ गोळ्यांवर. मी त्या खरवडल्या, साबणाने धुतल्या, थिनरने पुसल्या, स्वच्छ कागदावर मांडून टोपलीखाली झाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट चढवला. पुन्हा टक्कल. पुन्हा धुतल्या. पुन्हा. मी वही केली आणि तर्क लिहिले: पावडर जुनी, थिनर भेसळीचं, ओव्हनमधली हवा एका बाजूने तापते, पाल. (पालीवर मी दोन दिवस घालवले.) बाबा रोज सकाळी येऊन गोळ्या लांबून बघत आणि परत जात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, आणि त्यामुळे माझी झोप उडाली होती. डॉक्टरीणबाईंनी उघडं शिसं नको म्हटलं होतं, आणि मी त्यांना तीनशे साठ ठिकाणी उघडं शिसं देणार होतो.

कोडं रक्षाने सोडवलं. तिने चष्मा लावून दहा गोळ्या ओळीत ठेवल्या आणि म्हणाली, सगळे ठिपके एका मापाचे आहेत, आणि सगळे वरच्या अंगाला. मग उठली, तुमच्या घरी गेली, आणि आईंना हाताला धरून घेऊन आली. त्यांचं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तिने एका ठिपक्यावर टेकवलं. तंतोतंत बसलं.

कैलास, तुझी आई रोज दिवेलागणीला आमच्या मागच्या दाराने येत होती, टोपली उचलत होती आणि तेलात कालवलेल्या हळदीचं बोट एकेका गोळीला लावत होती! मग आल्यासारखी निघून जात होती. सकाळपर्यंत हळद वाळून झडून जाई, तेल तेवढं राही, आणि तेलावर बसलेली तुझी पावडर भाजताना फाटते. आम्ही विचारलं, तर आईंना आमचंच नवल. त्या म्हणाल्या, "आगीत जाऊन राह्यल्या नं त्या, मंग पान्यात जातीन. लेकराले कोरडं कसं धाडू मी?" तुझ्या घरात नवी वस्तू आगीत किंवा पाण्यात जाण्याआधी तिला तेल-हळद लागते हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. माझ्या लग्नात मलाही लागली होती. पण वहीत तो तर्क आला नाही. मी हिशोब केला: तीनशे साठ गोळ्या, तीन वेळा, म्हणजे हजारावर बोटं, एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांवर, जमिनीवर बसून, एकही सोडलेली नाही. बाबांसाठी चार महिने मी जे करत होतो ते सगळं त्या एका बोटापुढे फार आवाजी वाटलं मला.

आता त्यांना थांबवायचं कोणी? मी जावई, मला बोलता येईना. रक्षा लेक, तिला धीर होईना. शेवटी आईंनीच तोड काढली. ओव्हनपुढे बसून त्यांनी विचारलं, आग इथेच असते ना? मी हो म्हणालो. मग त्यांनी पाची बोटं हळदीत बुडवली आणि ओव्हनच्या दाराला लावली. म्हणाल्या, आगीच्या घरालाच लावलं, आता आतल्यांना वेगळं नको. ती पाच बोटं अजून तिथे आहेत, आणि त्या दिवसापासून एकाही गोळीवर ठिपका नाही. (मी इलेक्ट्रिकचा माणूस आहे, कारण मला ठाऊक आहे. तरी दर घाण्याला ती बोटं पुसली तर गेली नाहीत ना हे बघतो.)

तो पहिला बिनठिपक्याचा घाणा बाबांनी बघितला. स्टूल ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसले. आत दिवा असतो. सुरुवातीला गोळ्या नुसत्या धुळीने माखल्यासारख्या, मंद, भुरकट. सात-आठ मिनिटांनी कडेच्या गोळ्या ओलसर दिसायला लागल्या, मग सगळ्याच घामेजल्या, आणि मग एका क्षणी, मला वाटतं मी पापणी लववली तेवढ्यात, सगळी रांग चमकली. बाबा उठले नाहीत. वीस मिनिटं त्या म्हाताऱ्याने काचेवरचा डोळा काढला नाही, चहा थंड झाला. शेवटी हळूच म्हणाले, "जवाई, ह्या कामाले पोट्टे लागते का, का मशीनच करते सारं?" मी म्हटलं, पोरं लागतात, हात चांगला असलेली. ते म्हणाले, "हं." बाबांचं "हं" तुला माहीत आहे. मोठा मासा जाळ्यात आला तरी तेवढंच म्हणतात.

मग तुझी घणाची परीक्षा. गोळी ठेचली तरी रंग सुटला नाही तर काम पास, असं तू त्या जेवणात म्हणाला होतास. मी हातोडी आणायला गेलो, तोवर बाबांनी एक गोळी उचलून चक्क दाताखाली धरली होती. रक्षा अशी ओरडली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. गोळी काढून घेतली, बाबांना चूळ भरायला लावली, आणि मग ती पाट्यावर ठेवून बाबांनीच वरवंटा घातला. एक, दोन, तीन. गोळी बत्ताशाएवढी चपटी झाली. उचलून उन्हात धरली, उलटी केली, नख फिरवलं. रंग तसाच, अखंड, एक केसाएवढी चीर नाही. बाबांनी ती माझ्याकडे परत दिली नाही, सदऱ्याच्या खिशात घातली.

मधे एक वनखात्याचा प्रसंग झाला तो थोडक्यात सांगतो. आपल्या बीटचा गार्ड अनुप आवारावरून जाताना थबकला. सुपात तीनशे साठ निमुळत्या शिशाच्या गोळ्या, रांगेने, आणि इथून वाघाचं जंगल हाकेवर. त्याचा चेहरा उतरला. मी घाईने पावडर, वीज, तापमान सगळं समजावलं, त्याने त्याचा संशय आणखी वाढला. तेव्हा बाबांनी एक गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "भोकातून पाहा. बंदुकीच्या गोळीले कोनी दोरी ओवते का?" अनुपने ती डोळ्याला लावली, आरपार आकाश बघितलं आणि हसला. जाताना किल्ल्यांना लावायला दोन मागून घेऊन गेला; त्या दोन आणि ती चपटी, अशा तीन मी मग पुन्हा ओतल्या.

तर आता सगळं नीट आहे. जाळं बाबांनीच विणलं, त्यात गोळ्या ओवताना हाताला शिसं लागत नाही, दात वापरावे लागत नाहीत. हाताचं म्हणशील तर पुष्कळ सुधारलाय, डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरात पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय. घेर पसरून ठेवला की नारिंगी गोळ्यांचं असं कडं दिसतं की गावातली पोरं संत्र्याच्या गोळ्या समजून हात घालतात. आई त्यांना काठी दाखवतात. खूप बघण्यासारखं झालं आहे. तू चाकणला बसून केलेलं काम इथे हिंगणीत कुठवर पोचलं हे तुला कळावं, एवढाच या पत्राचा उद्देश. बाकी क्षेम.

तुझा,
हेमराज भाऊजी

ता. क. पत्राचा खरा उद्देश रक्षाने आत्ता आठवण करून दिला. तिकडे जुना चालू स्थितीतला ओव्हन मिळाला तर बघ. आत तारेच्या दोन जाळ्या असाव्यात. नानकटाई बंद असल्यामुळे घरात जे वातावरण आहे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक ता. क. ओव्हन पार्सलने पाठवू नकोस, काच फुटते. कोणाबरोबर तरी पाठव. तसं कोणी येणारं नसेल तर राहू दे, घाई नाही. आम्हाला इथे कशाचीही कमी नाही.

शेवटचा ता. क. (रक्षा पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो.) वर "आता सगळं नीट आहे" असं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. घेराला तीनशे साठ जागा आहेत आणि बाबांनी तीनशे एकोणसाठच गोळ्या बांधल्या. एक जागा रिकामी ठेवून जाळं दारामागे खिळ्याला टांगलं. पंधरा दिवस झाले, पाण्यात गेलेलं नाही. मी म्हटलं, द्या, ती एक मी ओवतो. तर म्हणाले, "तुमचं काम नाई ते." आईंना विचारलं तेव्हा कळलं की तुमच्या घरी नव्या जाळ्याची शेवटची गोळी पोराने बांधायची असते, आणि पहिली फेकही त्याचीच. तुला हे माहीत असेलच. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ती गाठ (हेही आईंनीच सांगितलं). पार्सलच्या दोरीला तू जाळ्याची गाठ मारली होतीस, डावा फेर आधी घेणारी, बाबांनी शिकवलेली. मला ती कळली नाही, मी पंखेवाला. त्यांना खोकं हातात घेताक्षणी कळली. म्हणजे चार महिने मी "पुण्याकडची, पुण्याकडची" म्हणत होतो आणि ते मान डोलवत होते, आणि पावडर कोणाची हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती दोरी त्यांनी टाकली नाही. गुंडाळून त्या रिकाम्या जागेशेजारी अडकवून ठेवली आहे.

ती चपटी गोळी मी या पाकिटात घालणार होतो, तुला पुरावा म्हणून. मागितली, तर देईनात. ती घेऊन रोज सकाळी धरणावर जातात, जाळं नसताना, आणि सोसायटीच्या लोकांना काढून दाखवतात: "माह्या पोट्ट्याच्या हातचा रंग हाय, घण मारा, सुटत नाई." तुला बघायची असेल तर इथे येऊनच बघावी लागेल.

ओव्हन नाही आणलास तरी चालेल. (हे ताईला सांगू नकोस.)